एका आज्ञेत सगळ्यांची कंबर चाळीस

तीर्थरूप दादास,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (कागदावरचाच. खरा घातला तर मला उठवायला दोघं लागतात.) तुझा गुडघा बरा असेल, वहिनींच्या डोळ्यांचं काम नीट पार पडलं असेल आणि तू अजूनही सकाळचा चहा बशीत ओतूनच पीत असशील असं धरून चालतो, कारण अकरा वर्षांनी एकदम चौकशी करायला तोंड नाही. इतक्या वर्षांनी लिहिताय तर 'तुम्ही' लिहा, असं ही म्हणाली. पहिला कागद तसा लिहिलाही. वाचून पाहिला तर वीजबिलाच्या तक्रारीचा अर्ज वाटला. फाडून टाकला. तेव्हा तूच.

इकडे सगळं ठीक आहे. मुलीचं लग्न पुढच्या महिन्याच्या वीस तारखेला आहे, ते तिने तुला फोनवर सांगितलंच. त्यावर तू "बघू" म्हणालास, ते तिने मला सांगितलं. आपल्या घरात "बघू" म्हणजे "नाही", हे तिला ठाऊक नाही (मी सांगितलेलं नाही), त्यामुळे पाहुण्यांच्या यादीत तिने तुला सगळ्यात वर घातलंय आणि काका येणार म्हणून खुशीत आहे. मला मात्र तेव्हापासून अन्न गोड लागत नाही. असो. हे पत्र त्यासाठी नाही. मी कॉम्प्युटरवर डेटाबेस शिकलो, हे कळवायला म्हणून लिहितोय. हसायचं तर हस, पण पुढे वाच.

तू दुकान सोडलंस तेव्हा मापांच्या एकोणीस वह्या मागे ठेवून गेलास. (कसा गेलास ते उगाळत बसत नाही. मी दाराशी तयार शर्ट टांगले, तू गळ्यातली टेप काढून माझ्यासमोर ठेवलीस आणि म्हणालास, जिथे तयार कपडे टांगतात तिथे माप घ्यायला माणूस कशाला हवा. मी उलट बोललो ते बोलायला नको होतं. आता झालं ते झालं.) तर त्या वह्यांना कसर लागली. एका वकिलांची बाही किड्यांनी मनगटापासून कोपरापर्यंत खाल्ली तेव्हा मुलगी म्हणाली, बाबा, हे सगळं कॉम्प्युटरवर घ्या, क्लास लावा. मी म्हटलं, मी साठीला आलो. ती म्हणाली, म्हणूनच.

क्लास औषधांच्या दुकानाच्या वरच्या माडीवर. शिकवणाऱ्या बाई पूर्वी टायपिंग शिकवायच्या, त्यामुळे पाठीत वाकलेला माणूस त्यांना खपत नाही. वर्गात नऊजण, त्यातले आठजण मी शिवलेल्या विजारी घालणाऱ्यांची पोरं. पहिल्या दिवशी बाईंनी समजावलं: एका माणसाची एक आडवी ओळ, ती रेकॉर्ड. एका मापाचा एक उभा रकाना, ते फील्ड. मी म्हटलं, बाई, हे आमच्या दादाने चाळीस वर्षांपूर्वी विजेशिवाय केलंय. बाई म्हणाल्या, मग दादांनाच पाठवायचं होतंत. सगळा वर्ग हसला. मला राग आला नाही, कारण मनातून मलाही तेच वाटत होतं.

पुढचं सांगतो. छातीच्या रकान्यात फक्त आकडाच घ्यायचा असं आधी ठरवून द्यावं लागतं. मी आपला तुझ्या वहीत आहे तसं "अडतीस सैल" लिहिलं. यंत्र घेईना. "साडेअडतीस" अक्षरात लिहिलं, तेही घेईना. इतकं हुशार यंत्र, पण त्याला सैल म्हणजे काय ते कळत नाही. त्यापुढचा धडा प्रायमरी कीचा. म्हणजे प्रत्येक ओळीला अशी एक खूण द्यायची जी दुसऱ्या कुणाचीच नसेल, नाहीतर माणसं एकमेकांत मिसळतात. बाईंनी विचारलं, तुमच्याकडे गिऱ्हाईक कशावरून ओळखतात? मी ताठ मानेने सांगितलं, छातीवरून. (तूच शिकवलंस की नाव विसरलं तरी चालेल, छाती विसरू नये.) तर मी छातीचं माप हीच खूण ठरवली. पहिले अडतीसवाले डॉक्टर आत गेले. दुसरे अडतीसवाले कोळसेवाले आले तर यंत्र म्हणतं, हा माणूस आधीच आहे. मी तासभर यंत्राशी हुज्जत घातली. शेवटी बाईंनी पट्टी टेबलावर आपटली आणि प्रत्येकाला नुसता नंबर द्यायला लावला. आपल्या दुकानात माणसांना नंबर देऊ नयेत असं तू म्हणायचास ते आठवलं, पण बाईंपुढे बोलायची सोय नव्हती.

सहा आठवडे दुपारी दुकान अर्धं बंद ठेवून सहाशे चौदा माणसं आत घातली. ही म्हणाली, एवढ्या वेळात सहाशे चौदा माणसांना जेवायला घालून झालं असतं. आणि मग हेडमास्तरांची कंबर सुटली. अडतीसची चाळीस झाली, तेवढी बदलायची होती. बोटाने ओळ शोधून आकडा खोडला असता तर दोन मिनिटांचं काम. पण नुकताच क्वेरी शिकलो होतो ना. क्वेरी म्हणजे यंत्राला लेखी आज्ञा. मी आज्ञा लिहिली, कंबर चाळीस कर. यंत्राने विचारलं, सहाशे चौदा ओळी बदलतील, नंतर मागे घेता येणार नाही, पुढे जाऊ? आता हे यंत्र उठसूट खात्री करून घेतं, दर वेळी नाही म्हणायला बरं दिसत नाही. मी 'हो' दाबलं.

मला काहीच कळलं नाही, हे यातलं खरं वाईट. मी यादी छापून कातरकामाच्या फळीवर चिकटवली आणि तीन दिवस तिच्यावरून कापड बेतलं. कात्रीला काय, कागद म्हणेल ते. पोस्टातून निवृत्त झालेले काका तुला आठवत असतील, काडी पैलवान, कंबर अठ्ठावीस. ते ट्रायलला आले, विजार चढवली, आणि पडद्यामागून बराच वेळ बाहेरच येईनात. आले तेव्हा दोन्ही हातांनी विजार धरून होते. शांतपणे म्हणाले, शिलाई उत्तम आहे, फक्त यात मी आणि माझा भाऊ दोघे मावू. मी घाम पुसत बाईंकडे धावलो. त्यांनी आज्ञा वाचली आणि म्हणाल्या, अट कुठे आहे? कुणाची कंबर ते सांगितलं नाहीत, त्याने सगळ्यांची केली. बॅकअप घेतला होतात? मी म्हटलं, तो पुढच्या धड्यात आहे.

म्हणून पुन्हा तुझ्या वह्या काढल्या. पहिल्या वेळी नुसते आकडे उचलले होते, घाईत. या वेळी प्रत्येक पानावर थांबलो आणि तू शेवटच्या रकान्यात बारीक अक्षरात जे लिहायचास ते वाचलं. तुझ्या हाताखाली तीस वर्षं काढली, पण कधी वाचलं नव्हतं. बेकरीवाल्यापुढे लिहिलंयस: "पोट आत ओढून उभा राहतो. दीड इंच आपणच धरणे, त्याला सांगू नये." पोस्टातल्या काकांपुढे: "बायको गेल्यापासून दर खेपेस अर्धा इंच कमी. विचारू नये. गुपचूप आत घेऊन देणे, पैसे लावू नयेत." आणि तिसऱ्या वहीत मी सापडलो, वय वर्षं एकोणीस. "धाकटा. घाई फार. अजून अंग भरायचंय. शिवणीत माया दोन बोटं ठेवणे, पुढे उसवता येईल." दादा, मी कातरकामाच्या फळीला टेकून उभा राहिलो आणि रडलो. गिऱ्हाईक आलं तर सांगायला म्हणून डोळ्यांत खडू गेल्याचं कारण तयार ठेवलं होतं, पण कुणी आलं नाही. तुझी फार आठवण येते. हे अकरा वर्षांत एकदा तरी लिहायला हवं होतं.

बाकी क्षेम. सगळ्यांच्या कमरा परत आपापल्या जागी गेल्या. बाईंनी सांगितल्यावरून मी तुझ्या शेवटच्या रकान्यासाठीही एक फील्ड केलं, त्यात आकडा नाही, अक्षरं चालतात, आणि "सैल" सुद्धा चालतं. काही काम नाही, सहज कळवलं. वहिनींना नमस्कार सांग.

तुझा,
धाकटा

ता.क. काम नाही म्हटलं ते तितकंसं खरं नाही. लग्नाला घरच्यांचे कपडे मीच शिवतोय आणि त्यांचा वेगळा तक्ता केलाय. अकरा माणसं. दहा ओळी भरल्या. अकरावी तुझी, कोटाची. एकोणीस वह्या पालथ्या घातल्या, तुझं माप कुठेच नाही. सगळ्यांची मापं तूच घ्यायचास, तुझं कुणी घेतलंच नाही, आणि ते माझ्याही कधी लक्षात आलं नाही. आता यंत्र म्हणतं, माप रिकामं ठेवून ही ओळ जपून ठेवता येणार नाही. जुना शर्ट पाठवून देऊ नकोस, शर्टाचा खांदा आणि माणसाचा खांदा एक नसतो हे तुझंच वाक्य आहे. स्वतः ये. दहा तारखेपर्यंत आलास तर दोन ट्रायल होतील.

ता.क. दुसरा. तयार शर्ट अजून दाराशी आहेत. खपतात, काय करणार. तू इथे असेपर्यंत आत ठेवीन, कायमचे काढणार नाही. हे आधीच सांगितलेलं बरं.

ता.क. तिसरा आणि शेवटचा. मुलीने हे पत्र वाचलं आणि म्हणाली, बाबा, काकांना खरं काय ते लिहा. तर लिहितो. माप रिकामं चालणार नाही ही अट यंत्राची नाही, ती मीच घातली आहे. एका टिचकीसरशी काढता येते, कशी तेही मला आता येतं. काढणार नाही.