पाण्यातली हजेरी

प्रिय वहिनी,

फोन तू उचलत नाहीस, आणि दादाच्या हाती निरोप द्यावा तर तो दारातच विसरतो, म्हणून हे पत्र. तुझ्या वडिलांच्या चष्म्याच्या दुकानाचा पत्ता मला पाठ आहे, तेव्हा पत्र पोचलंच नाही ही सबब चालायची नाही. पाकीट गिऱ्हाइकांसमोर फोडू नकोस. आत आणखी एक वस्तू आहे, ती खाली पडेल. पडू दे. ती काय आहे ते शेवटी सांगते, आधी सगळं नीट वाच. मधलं गाळून शेवट वाचायची तुझी खोड मला माहीत आहे.

इकडची खबरबात अशी. समुद्र आता शांत झालाय, बोट रंगवून पाण्यात उतरलीये, आणि रंग देताना दादाने आपल्या नव्या पँटलाही एक हात मारून घेतलाय. माझ्या तिकीट खिडकीची कडी अजून लागत नाही. तू गेल्यावर उरलेल्या हंगामात दुपारच्या फेरीला लोकांबरोबर पाण्यात उतरायला दादाने एक जण ठेवला होता. पट्टीचा पोहणारा, माणूसही वाईट नव्हता, पण तोंडात सदा शिट्टी. कोणी प्रवाळाला हात लावायला गेलं की शिट्टी, कासव दिसलं की शिट्टी, जेवणाची वेळ झाली तरी शिट्टी. शेवटी कासवंच आपल्या बाजूला फिरकेनाशी झाली. मी त्याचं नावच शिट्टी ठेवलं. त्याच्या हाताखाली सगळ्यांच्या मास्कवर वाफ धरायची, कारण काचेला आतून थुंकी चोळा असं लोकांना सांगायची त्याला लाज वाटे. तू कशी, बँकेच्या साहेबालासुद्धा ‘थुंका हो साहेब, लाजू नका’ म्हणायचीस. हंगाम संपला तसा शिट्टीही गेला. पण खाडीतली रात्रीची फेरी त्याच्या वेळीही बंदच होती. त्या रात्रीनंतर दादाने बोट खाडीच्या तोंडाशीसुद्धा नेलेली नाही. लोक खिडकीत विचारतात, ‘ते चमकणारं पाणी कधी दाखवणार?’ मी सांगते, दुरुस्ती चालू आहे. पाण्याची कसली दुरुस्ती, हे अजून कोणी विचारलेलं नाही.

तू लग्न होऊन आलीस त्याच आठवड्यात धक्क्यावरून सूर मारलास, आणि मी वर छत्री धरून उभी. वर येऊन, केस पिळत तू म्हणालीस, ‘धक्क्यावर वाढलीस आणि पायाचं बोट ओलं नाही? कोरडी आहेस अगदी!’ तेव्हापासून मी कोरडी. अहो-जाहो आपण तिथेच गुंडाळून ठेवलं. लोकांच्या नणंदा-भावजया एकमेकींना पाण्यात पाहतात म्हणे. तू तर मला एकदा पाण्यात पाहायला मिळावं म्हणून वर्षानुवर्षं खनपटीला बसली होतीस. आणि मी उंटावरून शेळ्या हाकत होते. खिडकीतून प्रत्येकाला सांगायचे, ‘काही घाबरू नका, जाकीट घातलं की कोणी बुडत नाही.’ मला पाण्याची भीती का, ते मलाच माहीत नाही. असते एकेकाला.

मग माझा वाढदिवस आला आणि तू म्हणालीस, ‘या वर्षी मी तुला खाडी देणार.’ तुझ्या या एका वाक्याला मी फसले. तू माझ्या अंगावरचं क्रीम, तेल सगळं नळाखाली धुवायला लावलंस, कारण त्याने पाण्यातले ते चमकणारे बारीक जीव मरतात. जाकिटाचे पट्टे स्वतः आवळलेस. खाडीच्या तोंडाशी दादाने इंजिन बंद केलं, दिवे मालवले, आणि खारफुटीच्या झाडांमधून आपण वल्ह्यांनी आत गेलो. तिथे तू सगळ्यांना नेहमीचं वाक्य सांगितलंस. ‘अंधारात मला तुम्ही दिसत नाही, तुमची हालचाल दिसते. हललात तर दिसाल.’ पहिला माणूस पाण्यात उतरला आणि त्याच्या पायाभोवती पाणी पेटलं. मग सगळेच उतरले. हसत होते, हात मारत होते, प्रत्येकाच्या अंगाभोवती निळा उजेड. मी शिडीची दोरी धरून उतरले आणि माझा हात पाहिला. एकेक बोट वेगळं उजळलेलं. तो माझा हात आहे हे मला पटेना. जीव असा घाबरला की मी हलायचीच थांबले. दोरी हातातून कधी सुटली, कळलं नाही. पाणी मला हळूहळू झाडांच्या बाजूला घेऊन गेलं.

पुढचं तुला माहीत आहे, तरी लिहिते, कारण आपण दोघी त्यावर कधी बोललोच नाही. तू सगळ्यांना वर घेतलंस. प्रत्येकाच्या हातातलं अर्धं तिकीट तुझ्याजवळच्या अर्ध्याशी लावून पाहिलंस. सगळी जुळली. जुळणारच, तिकिटं मी फाडली होती, आणि स्वतःचं कोण फाडतं? घरच्या माणसांची ताटं घेताना घेणारीने आपलंच विसरावं, तसं झालं. तुला वाटलं मी पुढे दादाजवळ बसलेय, दादाला वाटलं मी मागे तुझ्याजवळ. आणि इंजिन सुरू झालं.

आता जे मी कोणालाच सांगितलेलं नाही, डॉक्टरांना नाही की दादालाही नाही, ते सांगते. बोटीचा आवाज लांब जात होता. ओरडायला तोंड उघडलं आणि त्यातून वाराही निघेना. तोंडचं पाणी पळालं होतं, तेही गळ्याइतक्या पाण्यात उभी तरंगत असताना. अंधार असा की माझं मलाच नाक दिसत नव्हतं. वाटलं, मी इथे आहे हे जगात कोणालाच ठाऊक नाही. तेवढ्यात तुझा आवाज आठवला, तोच तुझा रोजचा, जरा कंटाळलेला आवाज. हललात तर दिसाल. मी एक पाय हलवला. उजेड झाला. दुसरा हलवला. मग मी जे केलं त्याला कोणी पोहणं म्हणणार नाही. हट्टी पोर जमिनीवर पाय आपटतं तसे हातपाय आपटत राहिले. नाकातोंडात पाणी गेलं, पण थांबले नाही. पार झाडांच्या मुळांपर्यंत पाणी निळं झालं. बोट वळली ती तो उजेड पाहून. आणि जाकीट न घालता बोटीतून उडी कोणी मारली, तेही मी पाहिलं. तू येत होतीस तेव्हा तूही दिसत होतीस.

खोटं कशाला बोलू, मला राग आला होता. भयंकर राग. दवाखान्यात तू आत आलीस की मी भिंतीकडे तोंड फिरवायचे. तू बाहेरच्या बाकावर बसून असायचीस आणि मला ते माहीत असायचं, तरी हाक मारली नाही. राग उतरला तोवर तू बॅग भरून माहेरी गेली होतीस. वाटलं, चार दिवस राहशील आणि येशील. ‘तुझं काही चुकलं नाही’ असं गोड बोलून मी तुला परत आणणार नाही, कारण त्यावर तू विश्वास ठेवायची नाहीस. चुकलं. तुझं चुकलं, दादाचं चुकलं, तिकीट न फाडता बोटीत चढले हे माझं चुकलं. तिघांत वाटून घेतलं तर उचलता येईल एवढंच ओझं आहे ते. तू सगळं एकटीने उचलून नेलंस आणि चष्म्याच्या फ्रेमी पुसत बसलीस, हे मला मान्य नाही.

तर मी काय केलं ते ऐक. समुद्र खवळलेला होता त्या सगळ्या महिन्यांत मी गावच्या तलावावर जात होते. इथल्या शाळेतल्या निवृत्त पीटीच्या बाई आठवतात ना, त्या शिकवतात. दादाचा जुना शर्ट, जुनी पँट आणि भोवती पहिलीतली मुलं. मुलं माझ्याआधी शिकली. एक मुलगी मला काठावरून सांगायची, ‘मावशी, फुगे सोडा, फुगे!’ मी पाणीच प्यायचे. बाई रोज म्हणायच्या, ‘उद्या नाही आलात तरी चालेल,’ आणि मी रोज जायचे. आधी तोंड बुडवायला शिकले, मग तरंगायला, मग पाय मारायला. एके सकाळी दुसऱ्या काठाला हात लागला तेव्हा मला वाटलं मी मध्येच कशाला तरी आदळले. मग समुद्रात, धक्क्याच्या कडेकडेने. मी ‘कोरडी’ आहे असं आता धक्क्यावर कोणी म्हणत नाही.

दादाला विचारलं तर म्हणतो, रात्रीच्या फेरीचा विषय बंद. पण तुझे पोहताना पायात घालायचे पंख तो दर आठवड्याला गोड्या पाण्यात धुतो आणि सावलीत टांगतो. का, विचारलं तर म्हणतो, रबर कडक होतं. रोज येऊन विचारतो, ‘विजेचं बिल आलं का?’ बिल त्याने कधीच भरून टाकलंय; टपालात तुझं काही आलं का, ते विचारायचं असतं. मी त्याला सांगितलं, या अमावस्येला बोट खाडीत जाणार. ‘पाण्यात कोण उतरणार?’ म्हणाला. मी म्हटलं, मी. तो हसला. दुसऱ्या दिवशी त्याच्यादेखत मी धक्क्यावरून पाण्यात नांगरलेल्या लाल पिंपापर्यंत पोहत गेले आणि परत आले. तो दगडावर खालीच बसला. संध्याकाळी पाहिलं तर वल्ह्यांना तेल पाजत होता.

वहिनी, आता खाली पडलेली ती वस्तू उचल. अर्धं तिकीट आहे. या हंगामातल्या खाडीच्या फेरीचं पहिलं तिकीट मी माझ्यासाठी फाडलं. माझा अर्धा भाग माझ्या कमरेच्या पिशवीत आहे, मार्गदर्शकाचा अर्धा भाग तुझ्या हातात. तू अमावस्येला आली नाहीस तरी मी पाण्यात उतरणार आहे, त्याबद्दल मनात शंका ठेवू नकोस. अंधारात राहीन आणि हलत राहीन. पण बोट तोपर्यंत परत निघायची नाही, जोपर्यंत दोन्ही अर्धी जुळत नाहीत. हा नियम तू केलास, आणि दादाने त्या दिवसापासून तो भिंतीवर रंगाने लिहून ठेवलाय. तेव्हा ये, आणि या वेळी मला मोज.

तुझीच,
कोरडी