एक रक्त, दोन साखरा

प्रति,
मा. जिल्हा आरोग्य अधिकारी,
सांगली

विषय : एकाच बाईच्या रक्तातील साखर दोन नावांवर दोन प्रकारची निघाल्याबद्दल.
संदर्भ : तासगाव येथील खासगी प्रयोगशाळेचे एकाच दिवशीचे दोन अहवाल.

महोदय,

सोमवार, दि. १० मार्च रोजी सकाळी सात वाजता माझी आई विजयमाला हिचे उपाशीपोटी रक्त घेण्यात आले. आमच्या डॉक्टरांनी ते एकाच सुईतून दोन नळ्यांत भरले. एका नळीवर आईचे नाव घातले, दुसरीवर गुंडा मगदूम असे. या नावाचे आमच्या घरात कोणी नाही. दोन्ही नळ्या एकाच प्रयोगशाळेत गेल्या. दुपारी अहवाल मिळाले. आई २६२, गुंडा १४८.

असे करण्यामागचे कारण नमूद करतो. आईच्या उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू पिकला आहे, डाव्याने आधीपासूनच दिसत नाही. तिला माझा चेहरा दिसत नाही, आवाजावरून ओळखते. याच प्रयोगशाळेच्या अहवालांवरून कराडच्या डॉक्टरांनी शस्त्रक्रिया दोनदा पुढे ढकलली. घरच्या यंत्रावर मात्र साखर दीडशेच्या आसपास दिसते. मी बेदाण्याचा व्यापारी आहे. माल पारखणाऱ्याची शंका आली, की एकाच पेटीतला बेदाणा दोन ताटांत घालून त्याच्यापुढे ठेवायचा, ही आमची रीत. तीच येथे वापरली.

अहवाल देताना प्रयोगशाळाचालक म्हणाले, "गुंडाभाऊ तब्येत लय जपतात बघा. मावशींना म्हणावं, त्यांच्याकडनं शिका जरा." गुंडा नावाचा माणूसच नाही, असा खुलासा मी तेथेच केला. त्यावर, यंत्र परदेशी आहे, असे उत्तर मिळाले. आमच्याकडे सौद्याआधी काट्यावर ठरलेले वजन ठेवून दाखवतात. तसा साखर आधीच माहीत असलेला नमुना यंत्रात रोज घालता का, असे मी विचारले. त्यांनी फ्रिजमधून त्या नमुन्याची बाटली काढली. सील शाबूत होते. "महागाची हाय. फोडून कसं चालंल? साहेब तपासणीला आलं तर दाखवायचं काय?"

खरा अहवाल कोणता, हे ठरल्याशिवाय कराडचे डॉक्टर तारीख देत नाहीत. आईने तोडगा सुचवला, "आरं, गुंडाच्या नावानं करून टाक की ऑपरेशन. साखर त्येचीच बरी हाय." डॉक्टरांनी तो मान्य केला नाही.

तरी सदर बाटली आपल्या प्रतिनिधीसमक्ष फोडून तो नमुना यंत्रात घालण्याचा आदेश व्हावा. मुदत उलटली असल्यास नवी आणवावी.

हा अर्ज लिहीत असताना प्रयोगशाळेचा निरोप आला आहे. फेरतपासणी मोफत होईल, उद्या सकाळी दोघांनाही उपाशीपोटी पाठवावे. आई जायला तयार आहे.

आपल्या आदेशाच्या प्रतीक्षेत,
आपला नम्र,
पारस जिनदत्त मगदूम
तासगाव, दि. १२ मार्च २०२५

सोबत : १) आईचा अहवाल. २) गुंडाचा अहवाल, 'प्रकृती उत्तम' या शेऱ्यासह.