जोडी फोडायची नाही

२० नोव्हेंबर २००६, सोमवार

कापसाच्या जिनिंगमधून फोन. काटाघरात पावतीची फाईल उघडायला वेळ लागतो. गेलो, घड्याळ लावून मोजलं. पहिल्यांदा ५२ सेकंद, मग ४७, मग १ मि. २० से. दिवाळीआधी हीच फाईल ४ सेकंदात उघडत होती, वहीत नोंद आहे.

ऑफिसात सर्व्हरवर बसून उघडली, लगेच. मॅनेजर वैद्य साहेबांच्या टेबलावरून २ से. म्हणजे सर्व्हर ठीक. सगळ्या मशीनी एकमेकींना जोडणारा स्विच तर दिवाळीत नवीनच लावला, जुना हब काढून. रोग फक्त काटाघरात.

गाड्यांची रांग फाटकातून निघून पार रोडला लागलेली. गाडी भरलेली मोजायची, रिकामी मोजायची. गाडीमागे दोनदा फाईल. लोक गाड्यांखाली पोतं टाकून पडलेत. कापसाला भाव नाही, तरी आणल्याशिवाय करतील काय.

२१ नोव्हें., मंगळ.

काटाघरातल्या मशीनचं नेटवर्क कार्ड बदललं. फरक नाही. व्हायरस तपासला, पावणेतीन तास, काही नाही. सगळं पुसून नव्यानं टाकलं. ४९ से.

वंदना मेश्राम खुर्चीमागे उभी होती. काट्यावरची ऑपरेटर, चार सीझन झाले. म्हणाली, "भाऊ, वायर बदलून पाहता का एकदा?"

"बाई, वायर मी टाकली आहे."

"म्हणूनच म्हणून राह्यली जी. तुमच्या हातची, तुमालेच सापडन."

हमाल हसला. मला हसण्यासारखं काही दिसलं नाही. टेस्टर आणून तिच्यासमोर लावला. एक ते आठ, आठही दिवे ओळीनं. "पाह्यलं?" म्हटलं. "पाह्यलं," म्हणाली, पण तोंड पटल्यासारखं नव्हतं.

काटाघर ते ऑफिस २८ मीटर. एक सांधा नाही. टेलिफोनच्या लायनीवर होतो तेव्हापासूनचा माझा नियम: जोडी फोडायची नाही. वायरमध्ये आठ तारा, दोन-दोन एकमेकींभोवती पिळलेल्या, अशा चार जोड्या. नारिंगी जोडी, हिरवी, निळी, तपकिरी, याच क्रमानं टोकाच्या पिनेच्या आठ घरांत शेजारी शेजारी. कोणी शिकवलं नाही. माझी पिन हातात घेतली की कोणीही सांगतो, ही इंगळेची.

२३ नोव्हें., गुरु.

आज वाईट झालं. मी काटाघरातच होतो. एक म्हातारा गाडीवान खिडकीत डोकं घालून, "अवं बाई, काल दुपारपासून उभा हावो. बैलं उपाशी हायेत. तुवा डब्बा उघडते का नाई?"

"उघडून राह्यला काका."

"येत्या पोळ्यापर्यंत उघडन!"

रांगेतले सगळे हसले. तिनं घाईनं परत बटण दाबलं. मिनिटभरानं फाईल उघडली अन् एकाच गाडीच्या दोन पावत्या बाहेर. नंबर वेगळे, वजन तेच. तिनं एक फाडून टाकली.

संध्याकाळी आवक-जावकच्या बंडूनं मेळ घातला. चार दिवसांत अशा सात गाड्या. वै. साहेबांनी तिला आत बोलावलं. दार लोटलेलं होतं तरी ऐकू येत होतं. "दुसरी पावती कुणाला देता?"

ती: "मशीन अटकते साहेब. मी दोन खेपा दाबतो. दुसरी फाडतो."

"मग इंगळेंना मशीनमध्ये काही सापडत कसं नाही?"

बाहेर आल्यावर मला: "इंगळे, लेखी द्या काय ते. नाहीतर नागपूरहून इंजिनियर बोलावतो. डिग्रीवाला."

त्यानं तो शेवटचा शब्द मुद्दाम टाकला. कळलं मला.

२४ नोव्हें., शुक्र.

रिपोर्ट दिला. तीन वेळा लिहून काढला, अक्षर स्वच्छ. "नेटवर्कची संपूर्ण तपासणी केली. कोणताही दोष आढळला नाही. विलंब व दुबार पावत्या हा हाताळणीचा दोष आहे." खाली सही, तारीख. बंडूला म्हटलं, आवक नंबर टाक. २१४.

कागदात माझ्या माहितीप्रमाणे एक अक्षर खोटं नाही. घड्याळ लावून मी मोजलेले सेकंद तेवढे घातले नाहीत.

२५ नोव्हें., शनि.

वंदनाला काढलं. मी नव्हतो. बंडूनं सांगितलं, तिनं डबा घेतला, पंख्याचं बटण बंद केलं, गेली. फाटकातून रांगेच्या बाजूनं चालत गेली तर कोणीतरी ओरडलं, "डबल पावती!"

नवा ऑपरेटर येईपर्यंत बंडू हातानं पावत्या लिहून राह्यला.

घरी सांगितलं. सौ. म्हणाली, "तिच्या मायले मी ओळखतो. खोटं बोलणारी पोरगी नाई ते."

मी म्हटलं, मी कुठं खोटी म्हटलं. हाताळणीचा दोष म्हटलं.

"हाव. तुमची वायर तेवढी चुकत नाही, बाकी दुनिया चुकते."

२८ नोव्हें., मंगळ.

वळताना एका गाडीचं जू काटाघराच्या कोपऱ्याला लागलं, वायर तुटली. माझ्याकडचं बंडल संपलेलं. वै. सा. नागपुरात होते, येताना तयार वायर घेऊन आले, ३० मीटर, दोन्ही टोकांना कारखान्यात बसवलेल्या पिना. मला न विचारता. ठीक आहे. ओढली, लावली. बंडूला काट्यावर बसवलं.

३ सेकंद.

परत पाहिलं. ३. परत. ३.

वै. साहेबांनी बाहेर येऊन सगळ्यांसमोर मला टाळी दिली. "पाहा! बाई गेली, फाईल पळायला लागली." हमाल, बंडू, दोन-चार गाडीवान सगळे होते. मीही मान डोलावली.

हे लिहितो आहे तर मान आठवते.

२९ नोव्हें., बुध.

तयार वायरीची पिन भिंगाखाली पाहिली. तारांचा क्रम चुकीचा. नारिंगी जोडी बरोबर, मग हिरवा-पांढरा, आणि त्याच्या जोडीचा हिरवा थेट सहाव्या घरात. मध्ये निळ्या जोडीला बसवलेलं. हिरवी जोडी सरळ फोडली! दुसरं टोक पाहिलं, तेच.

कारखान्यात असली कारागिरी. अन् साहेब नागपूरहून कौतुकानं आणतात.

मला राहवत नाही. उद्या जेवणाच्या सुट्टीत दोन्ही पिना कापून नीट बसवतो.

३० नोव्हें., गुरु.

१.१० ला काटा बंद झाला. १.३५ पर्यंत दोन्ही पिना कापून माझ्या क्रमानं बसवल्या. टेस्टर: आठही दिवे ओळीनं.

फाईल: ५१ से.

पिन नीट बसली नसेल. पुन्हा कापली, दोन्हीकडे. ५६ से.

पुन्हा. १ मि. ५ से.

खिशात वहीचं पान होतं, काल भिंगाखाली पाहून उतरवलेला कारखान्याचा क्रम. तसा लावला. हिरवी फोडून. हात मानत नव्हता.

३ से.

१ डिसें., शुक्र.

रात्री झोप नाही, पण डोकं साफ. लिहून ठेवतो म्हणजे नंतर स्वतःलाच फिरवता येणार नाही.

यंत्र तीन नंबर आणि सहा नंबरचं घर एक जोडी म्हणून वापरतं. माझ्या क्रमात तीनमध्ये हिरव्या जोडीची तार येते, सहामध्ये निळ्या जोडीची. आपल्या जोडीदाराभोवती पिळलेली तार दुसऱ्याच तारेबरोबर कामाला लावलेली. आवाज आवाजात मिसळतो, संदेश मोडतो, यंत्र पुन्हा पाठवतं, पुन्हा पाठवतं. पिनेत शेजारी दिसणारी जोडी आतून तुटलेली. टेस्टर फक्त पाहतो तार इकडून तिकडे पोचली का. कुणाशी पिळली आहे हे त्याला कळत नाही.

जुना हब हळू होता, म्हणून चालून गेलं. साहेबांच्या टेबलाची वायर दोन मीटर, तिथंही चालून गेलं. नवीन स्विच जोरात बोलायला लागला अन् २८ मीटरवर उघडं पडलं. स्विचही मीच लावला.

वंदनाबाई म्हणाली होती, वायर बदलून पाहता का.

आज वहीतली यादी काढली. याच हातानं वायरी टाकलेली ठिकाणं: दारव्ह्यात सहा, राळेगावात तीन, मुकुटबनला दोन. अकरा. सगळीकडे माझी पिन. कुठं कुठं कोण ढिला ठरला असेल, कोण बोलणी खात असेल, देव जाणे, म्हणजे कोणी नाही जाणत, मीच.

४ डिसें., सोम.

जिनिंगमध्ये गेलो. सांगायचं ठरवूनच गेलतो. वै. सा. खूष. "इंगळे, आता एकही दुबार पावती नाही. सहा दिवस. म्हणजे बाईच लबाड होती, नाही का?"

मी म्हटलं, फाईल आता बरोबर उघडते.

इतकंच म्हटलं अन् चहा पिऊन आलो.

माझी दुरुस्तीच तिच्याविरुद्ध पुरावा झाली. असं कागदावर लिहिलं की दिसतं.

६ डिसें., बुध.

विहारात गेलो, पांढरा सदरा घालून, सौ. सोबत. बाबासाहेबांच्या फोटोपुढे मेणबत्ती लावली. पंचशील घेताना पहिली तीन शीलं सगळ्यांसोबत म्हटली. चौथं खोटं न बोलण्याचं. तिथं नुसते ओठ हलवले. सौ.नं वळून पाहिलं.

वंदना होती, बायांच्या रांगेत शेवटी. बाहेर चपला घालताना गाठलं. बोटांना चिंध्या बांधलेल्या.

"हातांना काय झालं?"

"वेचाले जातो नं आता. बोंड टोचते. सवय नाई राह्यली."

मग मी सांगितलं. सगळं, तीन नंबर, सहा नंबर, हिरवी, निळी. बोलत राहिलो. ती खाली पाहत ऐकत होती. मी थांबल्यावर म्हणाली, "म्हणजे वायरच होती."

"हो."

"मले वाटलंच होतं. मशीनले हात लावला की बाकी सारं पटपट उघडे. तिकडची फाईल तेवढी अटके." मग, "मी म्हटलंतं तुमाले."

"म्हटलंतं."

खिशात कागद तयार होता. नवीन रिपोर्ट, कालच लिहिलेला. पुढे केला. म्हटलं, साहेबाला दाखव, तुझं नाव साफ होईल.

तिनं हात मागे घेतला. "मी काहून नेऊ? मी दाखवला तं म्हणतीन इनं लिहून आणला. पयला कागद तुम्ही नेऊन देल्लता भाऊ, नंबर टाकून. हाही तसाच न्या."

तिची माय हाक मारत होती. जाताजाता वळली. "कामाचं नाई वाटत मले. वेचाईचं काम काय, कोठीबी भेटते. पण सोयरीक पाहाले पाव्हणे आलते आयतवारी, अन् गल्लीतल्या पोट्ट्यानं त्यायच्या समोर म्हटलं, हे डबल पावती."

मी कागद परत खिशात ठेवला. सौ. लांब उभी होती. घरी आल्यावर म्हणाली, "मंग? नेता का नाई?"

७ डिसें., गुरु.

नेला.

वै. साहेबांनी दोनदा वाचला. "दि. २४/११ चा माझा रिपोर्ट चुकीचा होता. दोष वायरीत होता. वायर मी टाकली होती. विलंब व दुबार पावत्या यांस ऑपरेटर जबाबदार नाही."

चष्मा काढला. "हे कशाला, इंगळे? फाईल चालते आहे ना?"

"चालते. म्हणूनच."

"सीझन निघून जाऊ द्या. मालकांना काय सांगू, आपण चुकीच्या माणसाला काढलं?"

"तेच सांगा."

हसले. "तुम्ही राळेगावला, मुकुटबनला कामं करता. हा कागद फिरला तर तिथले लोक तुम्हाला फाटकात उभं करतील?"

हा विचार मी सहा दिवस करून चुकलो होतो. वीस वर्षं कोणाकडे शिकलो नाही, कोणाचा हात धरला नाही, जे नाव आहे ते या बोटांचं. म्हटलं, "आवक नंबर द्या."

"ठेवून जा."

"नंबर टाकल्याशिवाय कागद दिल्यासारखा होत नाही साहेब. पहिल्याला २१४ आहे."

त्यांनी कागद टेबलाच्या काचेखाली सरकवला. फोन उचलला. फोन लागला नव्हता, नुसता टोन मला ऐकू येत होता.

८ डिसें., शुक्र.

सकाळी मुकुटबनला फोन केला. म्हटलं, तुमच्या वायरींच्या पिना मला बदलायच्या आहेत, सगळ्या, चूक माझी आहे. तिकडचे बाबू म्हणाले, "अजी, आम्ही तं ऑपरेटरच बदलवाचा विचार करून राह्यलो होतो." म्हटलं, कोणाले काढू नका. सोमवारी येतो.

साडेदहाला जिनिंग. कागदाची दुसरी प्रत करून नेली, काचेखालचा कागद काचेखाली राहो. वै. सा. आतमध्ये. बंडूपुढे प्रत ठेवली, म्हटलं नंबर टाक.

"साहेबाले इचारू दे भाऊ. मह्या नोकरीचं पाहा नं जी."

"विचार."

आत गेला. आला. बसला. रजिस्टर मिटलंही नाही, पेन उचललाही नाही.

समोरच्या बाकावर बसलो. जेवणाची सुट्टी झाली, बंडूनं डबा खाल्ला, मला भाकर देऊन राह्यलता, घेतली नाही. बाहेर काटा चालू झाला. फाईल ३ सेकंदात उघडत असणार, गाड्या भराभर आत येत होत्या. वै. सा. दोनदा बाहेर आले, दोनदा आत गेले. दुसऱ्यांदा म्हणाले, "अजून इथंच?" म्हटलं, हो.

हे बाकावर बसूनच लिहून राह्यलो. चार वाजून वीस मिनिटं. बंडूचं रजिस्टर माझ्याकडे तोंड करून उघडं आहे. शेवटचा नंबर २३७. त्याखालची ओळ रिकामी.