दत्तुमामांची निवृत्तीनंतरची कामगिरी

परळ, मंगळवार

ती. दत्तुमामा यांस,

मेघनाचा वाकून नमस्कार. गुडघा कसा आहे? तिरफळं पोचली. फोनवर तुम्ही मध्येच बोलता, म्हणून लिहून फोटो पाठवते.

निवृत्त होताना कंपनीतली खिडकीजवळची खुर्ची आणि तुमचा पासवर्ड, दोन्ही तुम्ही मला दिलीत. लिफ्टचे जुने नकाशे तुमच्याच नावाने उघडत. माझ्या नावाला परवानगी हवी तर तीन सह्यांचा अर्ज (त्यातली एक सही तुमची, आणि तुम्ही गावी). तेव्हा गेली सहा वर्षं मी रोज तुमचं नाव टाकून आत जाते, सोसायट्यांच्या तक्रारी वाचते, मेकॅनिक पाठवते, आणि उत्तर तुमच्या नावाने जातं. लालबागच्या एका सेक्रेटरींनी दिवाळीत तुम्हाला मिठाई पाठवली होती. (आम्ही खाल्ली. कळवायचं राहिलं.)

आता कंपनीने आत शिरायची पद्धत बदलली. पासवर्ड गेले. कर्मचाऱ्यांच्या यादीत ज्याचं नाव, त्यालाच प्रवेश, तोही त्याच्या मोबाइलवर खूण पटल्यावर. संगणक विभागातला सम्यक जुनी खाती नव्या पद्धतीत हलवतो आहे. काल माझ्या टेबलाशी आला.

"मॅडम, सहा वर्षांत तुम्ही एकदाही आत आला नाहीत."

"अरे, मी रोज इथेच असते."

"सिस्टीमला नाही दिसत. हे दत्ताराम मात्र जबरदस्त माणूस. फक्त मध्ये सहा महिने गायब. आजारी होते का?"

"ते माझं बाळंतपण."



थोडक्यात, तुम्ही यादीत नाही, म्हणून तुमचं खातं बंद होणार. मी यादीत आहे, पण माझ्यापुढे 'वापर नाही' असा शेरा आहे. शनिवारी तो वरच्या साहेबांकडे जाईल. (मागच्या महिन्यात दुसऱ्या विभागात असा शेरा गेला. दोघीजणी घरी बसल्या.) मी हितेंद्रसाहेबांना सगळं सांगितलं. दुसऱ्याच्या नावाने आत गेल्याबद्दल त्यांनी मला समज दिली, मग तुमच्या उत्तरांचं कौतुक केलं. ती मी लिहिली, हे त्यांना पटत नाही. भाषेत अनुभव दिसतो म्हणाले.

बाकी ठीक.

तुमची भाची,
मेघना

ता. क. साहेब तुम्हाला परत बोलवायचं म्हणतात. फोन आला तर नाही म्हणा. हो म्हणावंसं वाटेल, तरी.

आणखी एक. सम्यक म्हणतो, सहा वर्षांचं काम माझ्या नावावर हलवता येईल, पण ज्याचं खातं त्याचं लेखी हवं. तेव्हा शुक्रवारच्या आत एवढंच लिहून फोटो पाठवा : 'निवृत्तीनंतर मी कसलंही काम केलेलं नाही.' साक्षीदार लागतो. बकुळामामीला सकाळी फोनवर विचारलं. तिने कोऱ्या कागदावर तळाशी सही करून ठेवली आहे. वरचा मजकूर तेवढा तुम्ही लिहा.