तीन जज आणि माझं तोंड

१२ जाने., सोम.
तो कॅमेरावाला निखिल परत आला. दिवाळीनंतर डम्पिंगच्या वासाची तक्रार करायला सगळी चाळ बाहेर जमली होती ना, तेव्हा यानं फोटो काढलेले. मला वाटलं पालिकेचा माणूस. म्हणून मीच पुढं जाऊन उभी राहिले, माझ्या चिंगीच्या नाकावर ओढणी धरून. तिचं नाक झाकलं, माझं तोंड उघडं. अक्कल बघा माझी.
म्हणतो, "ताई, तुमचा फोटो स्पर्धेत फायनलला गेला! अंधेरीला हॉलमध्ये लागणार, एवढा मोठा."
मी चिंगीला आत घेतलं.
चिंगीचा बाप गोवंडीला. तिथून इथं यायला त्याला किती वेळ. मी कांजूरला मंगलताईकडे आहे हे त्याला माहीत नाही. मंगलताई माझ्या जुन्या पॅकिंगच्या कामावरची, तो तिला ओळखत पण नाही. त्यानं सांगून ठेवलंय, सापडलीस की पोरीला उचलून नेणार. तो नुसतं बोलत नाही, करतो. माझ्या हनुवटीवर टाके आहेत.

१४ जाने., संक्रांत
चाळीत हळदीकुंकू. मी गेले नाही. मंगलताईनं वाण आणून दिलं, प्लास्टिकचा डबा.
निखिल आला. माझं पूर्ण नाव पाहिजे म्हणे, वय, पत्ता. फोटोखाली लिहायला.
मी म्हटलं फोटोच काढून टाक.
"ताई, माझं करिअर आहे यात."
मग तोंड तरी पुसट कर ना, टीव्हीवर करतात तसं.
"नाही चालत. फोटोत काहीही बदललं की बाद. जज ओरिजिनल फाईल मागून बघतात. खरं ते खरं राहायला पाहिजे."
वा रे खरं. खरं यांचं, मार माझा.
नाव नाही दिलं. मंगलताई त्याला म्हणाली, "तुझ्या बहिणीचं नाव लिही आणि तिलाच टांग तिकडे." गेला बिचारा, तिळगूळ पण न घेता.

१७ जाने., शनि.
परत आला. मोबाईलवर जजची माहिती इंग्लिशमध्ये, ती मराठीत वाचून दाखवली. मला वाटतं मी खूश व्हावं म्हणून.
एक, लढाईत जाऊन फोटो काढतो. गोळ्या चालू असताना. दुसरा परदेशातल्या एजन्सीत होता. भूकंप, पूर, दुष्काळ. जिथं माणसं मरतात तिथं हा हजर. निखिलला वाचताना भरून आलं. मला गिधाड आठवलं. तिसरी बाई. फोटो एडिटर. मोठ्या पेपरात कुठला फोटो छापायचा ते ही ठरवायची, वीसेक वर्षं.
म्हटलं, एवढ्या वर्षांत हिला नाही म्हणता येत असेल ना? मला भेटव त्यांना.
निखिल म्हणाला, "असं कुणी भेटत नाही, ताई."
मंगलताई म्हणाली, "मग आम्ही पेपरात जाऊन सांगू, न विचारता फोटो काढला." लगेच भेटवतो म्हणाला.

२० जाने., मंगळ.
अंधेरी. चिंगीला मंगलताईकडे ठेवलं. तोंडाला रुमाल बांधून गेले. हॉलमध्ये एसी. भिंतीवर मी, दरवाजाएवढी. माझ्याकडे बघून मलाच भीती वाटली.
लढाईवाला जाडजूड, खिशा-खिशांचं जॅकेट. एसीत जॅकेट! इथं कुठली लढाई. मी सगळं सांगितलं. तो म्हणाला, "तुमच्या चेहऱ्यात ताकद आहे. बघणाऱ्यांना कळू द्या."
म्हटलं, "बघणाऱ्यांत तो पण आहे ना, साहेब."
मग भूकंपवाला म्हणतो, असे प्रश्न आमच्या फील्डमध्ये नेहमी येतात. येतात म्हणजे काय? तुम्हाला येतात की आम्हाला?
फक्त बाईनं विचारलं, "त्याला माहीत आहे का तू कुठं राहतेस?" नाही म्हटलं. ती म्हणाली, "मी पेपरात असते तर हा छापला नसता."
"मग इथं कसा लावला, मॅडम?"
चष्मा काढून पुसत बसली. शेवटी फोटो भिंतीवरून उतरवतो म्हणाले. येताना चिंगीसाठी वडापाव घेतला.

२३ जाने., शुक्र.
फोटो भिंतीवरून उतरवला. निखिलनं मोबाईलवर दाखवलं. लढाईवाल्यानं स्वतःच्या पेजवर टाकलंय, रिकाम्या भिंतीचा फोटो. खाली लांबलचक. आज आम्ही अवघड निर्णय घेतला, नवऱ्यापासून लपून राहणारी एक आई आमच्याकडे आली, माणूस फोटोपेक्षा मोठा, असं काय काय. लोकांनी हात जोडलेत, हार्ट दिलेत.
आणि त्यात भिंतीवर माझ्या फोटोखालची पाटी तशीच! इंग्लिशमध्ये आणि मराठीत पण. "आई आणि मुलगी. साईकृपा चाळ, कांजूरमार्ग पूर्व."
तोंड काढलं, घर ठेवलं.
निखिलला म्हटलं, हे काय रे? तो म्हणाला, "पत्ता लिहायलाच लागतो ताई, नियम आहे. नाव तर नाहीये ना."
मंगलताईनं त्याला अशी शिवी दिली की चिंगी हसायला लागली. मी नाही हसले. लपून राहणारी आई, आणि चाळीचं नाव. त्याला अजून काय पाहिजे? रस्ता पण काढून द्या.
एवढी लढाई बघितलेला माणूस. कुणी लपलं असेल तर कुठं लपलंय ते बोलायचं नाही, हे चिंगीला लपाछपीत कळतं.

२४ जाने., शनि.
लढाईवाल्यानं पोस्ट काढून टाकली. पण लोकांनी पुढं पाठवली ती पाठवली. खालच्या किराणावाल्यानं विचारलं, "ती तुम्हीच काय, भाभी?" म्हणजे फिरतेय. गोवंडीला पण फोन आहेत.
भाऊजींनी, म्हणजे मंगलताईच्या मिस्टरांनी, दाराला नवीन कडी लावली. त्यांच्या घरात मी हे आणलं.
दर वेळी जिन्यात पाय वाजला की चिंगीला मोरीत नेते. तिला वाटतं अंघोळ.

२५ जाने., रवि.
त्या जज बाईचा फोन. निखिलकडून नंबर घेतला. रडत होती का काय, आवाज बसलेला. "चूक आमची. पाटी मी बघायला पाहिजे होती, माझं कामच ते." म्हटलं हो, तुमचंच. मग म्हणाली, "पोरीला घेऊन माझ्याकडे ये. बोरिवलीला, खाली वॉचमन आहे. पोलिसात पण मी येते सोबत."
मंगलताई म्हणते, "जा गं. तुझे भाऊजी दिवसभर कामावर, मी पण. तो आला तर कोण आहे इथं?"
ज्या बाईनं मला भिंतीवर टांगायला हो म्हटलं, तिच्याच दारात जाऊन उभी राहू? तिथं गेले आणि तिनं पण कुणाला सांगितलं, बघा मी काय केलं, तर?
आणि इथं थांबले तर...
पिशवी भरलीय. चिंगी चपला घालून दारात बसलीय, विचारते आहे कुणाकडे जायचं.