यरीहोच्या आतली मुलं

रविवार, ९ नोव्हेंबर, संध्याकाळ. लखनऊ छावनी.

आज संडे स्कूलमध्ये यरीहो शहराची भिंत देवाच्या लोकांसमोर कोसळल्याची बायबलमधली गोष्ट सांगितली आणि नेहमीसारखी तिथेच थांबले. पण माझ्याच रूथने बायबल उघडून पुढचं वाचलं. "मम्मी, यहाँ लिखा है, परमेश्वर के हुक्म पर शहर में सबको मार डाला. अंदर बच्चे भी तो होंगे?" मी वेळेआधीच सुट्टी दिली. भित्री कुठली!

चर्चच्या पाळकांना विचारलं, तर म्हणाले, "बहनजी, परमेश्वर की बातें वही जाने." हेच तर मीही वर्षानुवर्षं सांगत आलेय. आज चीड आली.

घरी हे वर्दीला इस्त्री करत होते. रूथने विचारलं, "पापा, आपको ऐसा ऑर्डर आया तो?"

"नाही बाळा. मुलांवर मी हात उचलणार नाही." क्षणाचाही विचार न करता म्हणाले.

माझा फौजी नवरा हे इतकं सहज म्हणतो. मग ज्या देवाला मी प्रेम म्हणते, तो? आणि ती मुलं... त्यांची नावंसुद्धा कुणी लिहिली नाहीत.

प्रार्थनेला बसले, पण स्तुती जिभेवर येईना. शेवटी सरळ विचारलं, "बापा, ती मुलं तुझी नव्हती का?"

आमेन म्हटलं नाही. उत्तर मिळेपर्यंत म्हणणारही नाही.