फ्लेक्सवर एकटी

शिवरे, ता. भोर
रविवार

तीर्थरूप आत्याबाई,

"मला कशाला काढतूस रं, मी हाय की हितंच!" माझ्या लग्नात तू फोटोग्राफरला असं म्हणालीस आणि हातातली परात त्याच्या कॅमेऱ्याच्या आड धरलीस. फोटोत परात छान आली आहे. इतक्या वर्षांनी ते वाक्य मला या आठवड्यात सारखं आठवतं आहे, कारण तू इथंच आहेस, हे सध्या मला निम्म्या वेल्हे तालुक्याला पटवून द्यावं लागतं आहे.

नमस्कार करते, तू घेणार असशील तर. (पत्रात वडीलधाऱ्यांना 'तुम्ही' लिहायचं असतं, हे मला माहीत आहे. पण मी तुला तुम्ही म्हटलं, तर हे पत्र शेजारच्या घरचं समजून तू परत पाठवशील.) गुडघा कसा आहे? लावायचं तेल संपलं असेल तर कळव. भात झोडून झाला का? इकडे आम्ही ठीक. हे ठीक, रसवंती ठीक, चरकाचा एक घुंगरू तेवढा तुटला आहे. तुझी तब्येत कशी आहे, हे विचारायला माझा हात धजत नाही. या आठवड्यात तो प्रश्न तुला बऱ्याच जणांनी विचारला असणार.

फोनच करणार होते. पण तू "कोन?" म्हणतेस, मी नाव सांगते आणि तू ठेवून देतेस. परवा ठेवला नाहीस, तर "ठकुबाई वारली, आता फोन करू नगंस" असं म्हणालीस, आणि आवाज तुझाच होता. म्हणून पत्र. तू ते चुलीत घालशील, पण त्याआधी नूतनवहिनी वाचतील. (नूतनवहिनी, तुमच्या सासूबाई ऐकणार नाही म्हणाल्या, तर तुम्ही भांडी घासता घासता मोठ्यानं वाचा. पाठ फिरवून बसल्या तरी त्यांचे कान इकडेच असतात.)

तर मुळापासून सांगते. आमची पोर पुण्याला शिकायला गेली आणि घर इतकं शांत झालं की मी डब्यांवर नावं लिहायला लागले. मीठ. साखर. मग साखर जरा तिरपी, मग साखरेला सावली. ते बघून हे म्हणाले, एवढी हौस आहे तर रीतसर शीक. (ते चिडून म्हणाले होते. मी रीतसर घेतलं.) म्हणून भोरला ग्राफिक डिझाईनच्या कोर्सला नाव घातलं. हा वर्ग कुमारच्या फ्लेक्सच्या दुकानावरच्या माडीत भरतो. वर शिकायचं आणि खाली कुमारच्या दुकानात हात बसवायचा. वर्गात बाकी सगळी नुकती बारावी झालेली पोरं. शिकवणारे अमृत सर माझ्या भाच्याच्या वयाचे. ते मला काकू म्हणतात, मी त्यांना सर म्हणते आणि दोघंही अवघडतो. तू मागं विचारलं होतंस, "त्ये डिझाईन म्हंजी नक्की करत्यात काय?" तेव्हा मी म्हणाले, शिकले की सांगते. आत्या, वर्ष संपत आलं. अजून सांगता येत नाही.

पहिलं काम आमच्याच रसवंतीचा बोर्ड. सर म्हणाले, "काकू, मोकळी जागा सोडा. नजरेला बसायला जागा द्या." मी पांढऱ्या बोर्डावर मधोमध उसाचं एक कांडं काढलं आणि खाली बारीक अक्षरात 'रस'. सर खूश. ह्यांनी बोर्ड लावला, रस्ता ओलांडून पलीकडून पाहिला आणि म्हणाले, "हितं जागा उरलीय की. थंड ताक लिव. ह्या बाजूला लिंबू सरबत, भेळ. आन् त्या कोपऱ्यात पार्किंगची सोय." आता उसाचं कांडं पार्किंगच्या सोयीमागं गेलं आहे. आणि खरं सांगू का, गिऱ्हाईक वाढलं.

दुसरं काम शेजारच्या रखमाजींच्या मुलीची लग्नपत्रिका. मी दोन केल्या. सरांसाठी एक: दोघांची नावं, तारीख, बाकी कोरा कागद. रखमाजींसाठी दुसरी: तीत कुलदैवतापासून चिमुकल्यांच्या आग्रहापर्यंत सगळं गाव घेतलं, तरी एक साडू राहिलेच, त्यांना गणपतीच्या सोंडेखाली बसवलं. आणि पाकिटं बदलली. सोंडेखालचे साडू सरांकडे गेले, कोरा कागद रखमाजींकडे. सर उठून उभे राहिले. म्हणाले, "काकू, ह्यात जीव आहे! हेच मी वर्षभर सांगतोय." (वर्षभर ते ह्याच्या बरोबर उलटं सांगत होते.) रखमाजींनी कागद उजेडात धरला, उलटा करून पाहिला आणि हळूच विचारलं, "ताई, शाई संपली व्हय?" मी माडीच्या जिन्यात जाऊन बसले. जागा सोडायची की भरायची, हे मला पहिल्या दिवशी जेवढं कळत होतं, तेवढंही आता कळेना.

तिसरं काम शेवटचं. ज्या माणसामुळं आपल्याला हे सगळं सुचतं, त्याचं पोस्टर करायचं आणि सोबत 'माझ्या प्रेरणा' असं एक पान लिहायचं. पोरांनी मोबाईलवर शोधून परदेशातली नावं उतरवली. त्यांतली काही गावांची निघाली. मी बराच वेळ पेन चावलं. मग कापूरहोळच्या फाट्यावरच्या भिंतीवरची सिमेंटची जुनी जाहिरात लिहिली, एसटीच्या पाट्या लिहिल्या, आणि मग लिहिलं, गुंजवण्याची माझी आत्या. लहानपणी तुझ्याकडे होते तेव्हा खळ्यात भाताची रास लागली की तू भोवती राखेची रेघ ओढायचीस आणि वर तीन बोटं फिरवून एक खूण करायचीस. एवढी मोठी रास आणि एवढीशी खूण. पण कोणी ओंजळभर भात काढला तरी तुला लांबून कळायचं. सरांनी ते वाचलं आणि विचारलं, "ही आत्या कुठल्या कॉलेजला होती?" मी म्हटलं, खळ्यात.

तुझा फोटो मात्र कुठंच सापडेना. शेवटी नूतनवहिनींच्या लग्नाच्या अल्बममध्ये सापडलीस, कोणाच्या तरी फेट्यामागं, निम्मी. (वहिनी, अल्बम माझ्याकडे आहे, शोधू नका.) मी फेटा पुसला, आजूबाजूची माणसं पुसली, मांडव पुसला, फेट्याआडचा चेहरा जमेल तसा पुरा केला. पांढऱ्यावर मधोमध तू, खाली नाव 'ठकुबाई', आणि चहूकडे मोकळी जागा, सरांना पाहिजे तेवढी. मला ते इतकं आवडलं की खाली जाऊन कुमारच्या मशीनवर छापून घेतलं, शाई वाळायला दुकानातल्या दोरीवर टांगलं आणि चहाला गेले.

माझं चुकलं ते इथं. आपल्याकडे वाढदिवसाचा फ्लेक्स असला की शुभेच्छा देणारे इतके, की वाढदिवस नेमका कोणाचा ते शोधावं लागतं. निवडीचा असो, सत्काराचा असो, माणसावर माणूस असतो. फ्लेक्सवर माणसाला एकट्यानं जागा मिळते ती एकदाच, आणि पांढरी, शांत, मोकळी जागा मिळते तीही तेव्हाच. कोर्समध्ये हे कोणी शिकवलं नाही, कारण भोरमध्ये ते शिकवावं लागत नाही. मी कोर्स करून करून ते विसरले होते.

तेवढ्यात तुझ्या जावेचा भाचा ज्ञानू आपल्या टेम्पोवरचं नाव छापून घ्यायला दुकानात आला. त्यानं तुला दोरीवर पाहिलं, टोपी काढली, मोबाईलवर फोटो घेतला आणि सगळ्या नातलगांच्या ग्रुपवर टाकला. खाली त्यानं एक अक्षर लिहिलं नव्हतं, हे मी त्याच्या बाजूनं सांगते. फक्त हात जोडले होते. मी चहा पिऊन येईपर्यंत सगळ्यांनी हात जोडले होते. ह्यांनीसुद्धा. (ह्यांनी आत्म्याला शांती लाभो असं लिहिलं आणि मग मला फोन केला, की अगं, तुझी आत्या गेली, तुला काही कळलं का?)

पुढचं तुझ्याच दारात घडलं. माझ्यापर्यंत ते नूतनवहिनींच्या फोनवरून आलं, चुकलं असेल तर दुरुस्त कर. तू खळ्यात भात पाखडत होतीस. वेल्ह्याहून तुझी नणंद भामाबाई जीपभर बायका घेऊन आल्या आणि वळणापासूनच त्यांनी रडायला सुरुवात केली. तू सूप टाकलंस, कोण गेलं हे न विचारता धावलीस आणि भामाबाईंच्या गळ्यात पडून त्यांच्यापेक्षा मोठ्यानं रडलीस. बरंच रडून झाल्यावर पदरानं नाक पुसत तू विचारलंस, "पन गेलं कोन गं, भामा?" भामाबाईंनी मान वर केली, तुझ्याकडे पाहिलं आणि त्यांचा हुंदका तिथंच अडकला. 

"आता कसं सांगू, वयनी... तुमीच."

"म्या? कवा?"

"सकाळी म्हनं."

"आन् मला कुनी सांगितलं न्हाई त्ये!"

सुतकाच्या घरी चूल पेटवायची नसते, म्हणून रडणं ऐकून शेजारणी पिठलं-भाकरी घेऊन आल्याच होत्या. माणसं जमलेली, अन्न आलेलं आणि गेलेलं कोणीच नाही. अशा वेळी काय करायचं असतं, हे कोणालाच ठाऊक नसल्यामुळं सगळी जेवायला बसली. तुझ्या दुःखाचं पिठलं तूही जेवलीस आणि मीठ कमी आहे म्हणालीस, असं वहिनी सांगत होत्या.

तुझा निरोपही पोहोचला. "म्हनावं, माजं तेरावं झालं की ये जेवायला, तवर उंबऱ्याला पाय लावू नगंस." तेरावं कधीपासून मोजायचं, हे विचारावंसं वाटलं होतं, पण वहिनी म्हणाल्या, नका विचारू.

चुकले, आत्या. कशात चुकले, ते मात्र अजून नीट कळत नाही. सर म्हणतात, वर्गातल्या सगळ्या कामांत हे पोस्टर चांगलं झालंय. कुमार म्हणतो, चांगलं झालंय म्हणून तर लोक रडले. आणि हे म्हणतात, आत्याच्या चारी बाजूंनी थंड ताक लिहिलं असतं, तर ती वाचली असती. मी सगळ्यांचं ऐकते आणि प्रत्येकाचं ऐकताना तेच बरोबर वाटतं. पोस्टर आता गुंडाळून कपाटावर ठेवलं आहे. सरांनी सांगितलं होतं म्हणून केलं गं, नाहीतर मी तुला दोरीवर कशाला टांगलं असतं? एवढं ध्यानात घे आणि राग सोड.

गुडघ्याला जप. खळ्यात उन्हाचं फार बसू नकोस.

तुझी,
सुलक्षणा

ता. क. अल्बम ज्ञानूच्या टेम्पोतून पाठवते. तो तुझ्या दारात यायला घाबरतो आहे, त्याला आत बसवून चहा दे. त्या गडबडीत टेम्पोवरचं नाव छापून घ्यायचं त्याचं राहूनच गेलं.

आणखी एक. सरांनी सांगितलं म्हणून केलं, असं वर लिहिलं आहे. तसं नाही. 'माझ्या प्रेरणा' हे पान खरं, पण पोस्टरचं कोणी काही बोललं नव्हतं. सरांनी तांदळाच्या पिशवीचं लेबल करायला सांगितलं होतं. पोस्टर माझं मीच केलं. कुमारच्या दुकानात श्रद्धांजलीची कामं माझ्याकडे येतात, आणि ती बहुतेक बायकांची असतात. पोरं आईचा फोटो म्हणून जो आणतात, तो आईचा नसतोच. बारशाचा असतो, वास्तुशांतीचा असतो, आई मागं कुठंतरी असते. मागं एक जण नव्या ट्रॅक्टरचा फोटो घेऊन आला. चाकाआड त्याची आई, निम्मी. मी दिसणारी बाजू उलटी करून न दिसणाऱ्या बाजूला लावली, तसंच करतात. त्यानं ते जवळून पाहिलं, लांबून पाहिलं. मग म्हणाला, "हाय तर आईच. पन आईवानी न्हाई." आणि पैसे देऊन घेऊन गेला, कारण दुसरी नव्हती. त्या दिवशी घरी येऊन मी तुझा फोटो शोधायला लागले. फेट्याआडचा तुझा चेहराही मी तसाच केला आहे. ज्ञानूनं टोपी काढली, भामाबाई रडल्या, कोणाला काही वेगळं दिसलं नाही. मला दिसतं. तुझी डावी भुवई उजवीपेक्षा वर असते आणि रागावलीस की आणखी वर जाते. पोस्टरवर त्या दोन्ही सारख्या आहेत. त्या बाईला मी ओळखत नाही.

शेवटचं. (वहिनी, हे हळू वाचा आणि मध्ये थांबू नका.) मी पुढच्या रविवारी येते. उंबऱ्याला पाय लावणार नाही, अंगणात उभी राहीन. माझ्या हातात मोबाईल असेल. मला एक फोटो काढू दे. छापणार नाही, सरांनाही दाखवणार नाही. तू नाही म्हणणार, हे मला माहीत आहे. वहिनींनी 'मोबाईल' वाचताच नाही म्हणाली असशील. ठेवणीतलं लुगडं नेसू नकोस, केस विंचरू नकोस, बसूसुद्धा नकोस. दारात उभी राहा आणि मला शिव्या दे, पाहिजे तेवढ्या दे. फक्त माझ्याकडे बघून दे.